पेशींना काचेत जगविणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

कर्करोगाचे नाव घेणेही लोक टाळत असत, त्या काळात एका मराठी स्त्रीने त्या रोगाच्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून तपासण्याचे काम आपल्या देशात उभे केले. त्या म्हणजे डॉ. कमल जयसिंग रणदिवे. आपल्या हुबळी-धारवाडातील मराठी घरांत कोणाला पोटाचा कर्करोग निघाला, की आजही कोणीतरी वडीलधारे टाटाला न्या म्हणून सांगतात. मुंबईच्या परळ भागातील त्या टाटा रुग्णालयाच्या परिसरातच कमलताईंच्या उमेदीची वर्षे गेली. त्यांचा परिचय आम्ही या अंकात देत आहोत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी तो वाचावाच, परंतु पालकांनीही वाचावा अशी आमची इच्छा आहे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. आईचे नाव शांताबाई. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतले. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले, तेही सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर. सीताफळाची पेशी काय आणि माणसाची काय, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची शिस्त तीच. ती शिस्त त्यांना जन्मभर उपयोगी पडली. मध्यंतरी १९३९ साली गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. घरून अभ्यासाला विरोध तर नव्हताच, उलट पतीची मदतच झाली.

टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोगनिदानशास्त्रातील मोठे नाव. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. (त्याच वर्षी आपले कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले. तोपर्यंत धारवाडची महाविद्यालयेही मुंबई विद्यापीठाखालीच होती.) खानोलकरांनी त्यांना परदेशी जाण्याचा आग्रह केला, आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

येथे थोडे थांबले पाहिजे. शरीरातून काढलेला तुकडा काही वेळातच मरतो. त्यातील पेशी शरीराबाहेर जगवायच्या, वाढवायच्या, तर त्यांना योग्य पोषक द्रव, शरीराइतकी ऊब आणि जंतूंपासून पूर्ण संरक्षण द्यावे लागते. एक बुरशीचा कण आत शिरला तरी कित्येक आठवड्यांची मेहनत वाया जाते. या विद्येला ऊतिसंवर्धन म्हणतात. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेथे ऊतक हा शब्द होता. मराठीत ऊती. शब्द थोडा बदलतो, काम तेच. डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्कपेशी प्रथमच अखंड वाढत राहिल्या. त्या पेशी घेताना तिची परवानगी विचारली नव्हती, ही गोष्टही विज्ञान शिकणाऱ्यांनी विसरू नये.

कमलताई परत आल्या. अमेरिकेतच राहणे अवघड नव्हते असे आम्हास वाटते. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पुढे तेथे कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे विभाग सुरू झाले. रक्ताचा, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. उंदरांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा एक विषाणू आईच्या दुधातून पिलांकडे जातो. हा विषाणू आणि शरीरातील संप्रेरके मिळून रोगाची शक्यता कशी वाढवितात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. (हे उंदरांचे आहे. आईच्या दुधाने बाळाला कर्करोग होतो असा अर्थ कोणी काढू नये.)

तो विषाणू पेशीत शिरतो कसा, हे कमलताईंच्या हयातीत कळले नव्हते. ते २००२ साली उलगडले. पेशीच्या पृष्ठभागावर लोह आत घेण्यासाठी असलेले एक प्रथिन हेच त्याचे दार निघाले.

पेशीच्या पृष्ठभागावरची ही प्रथिनेच आज कर्करोगाच्या उपचारात केंद्रस्थानी आहेत. त्यांना दारावरच्या घंटेसारखे समजावे. बाहेरून संदेश आला की घंटा वाजते आणि पेशीला वाढण्याचा हुकूम मिळतो. काही कर्कपेशींवर हर-टू नावाच्या घंटा प्रमाणाबाहेर असतात. ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमके त्या घंटेवर जाऊन बसते. १९९८ साली अमेरिकेत ते स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले, ते कमलताईंच्या हयातीतच. २०१० मध्ये ते जठराच्या कर्करोगासाठीही मान्य झाले. जठराच्या पाच-सहा रुग्णांत साधारण एकाच्या गाठीवर ही घंटा जास्त आढळते, त्यांनाच त्याचा उपयोग. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दुसऱ्या एका घंटेवर बसणारे सेटुक्सिमॅब हे औषध २००४ पासून आहे.

परंतु आधी गुण आला आणि काही महिन्यांनी औषध लागेनासे झाले, असे अनेक घरांत घडते. मग कोणी डॉक्टरला दोष देतात, कोणी नशिबाला. खरे कारण बहुधा पेशीतच असते. काही वेळा उपचार चालू असता हर-टू नसलेल्या पेशी तेवढ्या शिल्लक राहतात आणि त्याच वाढतात. औषधाला बसायला जागाच उरत नाही. काही पेशी मेट नावाची वेगळीच घंटा वाढवितात. आतड्याच्या कर्करोगात तर जवळजवळ निम्म्या रुग्णांत रास जनुक आधीच बिघडलेले असते, म्हणजे आतली तार सतत चालू. बाहेरची घंटा दाबून काय होणार? म्हणून आता ती चाचणी केल्याशिवाय सेटुक्सिमॅब देत नाहीत. शेत गहाण टाकून आणलेले महाग औषध फुकट जाण्यापेक्षा चाचणी बरी.

या पळवाटा कळल्या त्या रुग्णांच्या गाठी तपासून, आणि काचेतल्या पेशींना थोडे थोडे औषध वाढवीत देऊन जगलेल्या पेशी कशाने जगल्या हे शोधून. कमलताईंनी ही औषधे शोधली नाहीत. परंतु ज्या विद्येवाचून हा शोध झालाच नसता, ती त्यांनी येथे रुजविली. आपल्याकडे सुई लावली की रोग पसरतो हा समज फार घट्ट आहे, आणि दुसऱ्यांदा तुकडा काढू द्यायला घरचे तयार होत नाहीत. तो समज खरा नाही. औषध चालेनासे झाल्यावर गाठीवर आता कोणती प्रथिने आहेत हे पुन्हा पाहिल्याशिवाय पुढचे औषध ठरविणे अनेकदा अवघड असते.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी त्या संस्थेचे संचालकपद सांभाळले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केले. दोनशेहून अधिक शोधनिबंध, १९८२ साली पद्मभूषण. हे सर्व कोणत्याही कोशात मिळेल. आम्हास अधिक मोलाचे वाटते ते दुसरे. १९७३ साली त्यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली, आणि सत्तरी ओलांडल्यावर १९८९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. परळची ती संशोधन संस्था नंतर नवी मुंबईत खारघरला गेली. औषधांना न जुमानणाऱ्या कर्कपेशी तेथे आजही काचेच्या व प्लास्टिकच्या भांड्यांत वाढवून तपासल्या जातात.