गॅल्व्हानी आणि बेडकाच्या तंगडीतला कॅपॅसिटर

फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये गॅल्व्हानोमीटर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाताखालून गेलेला आहे. मेकॅनिकलवाले गॅल्व्हॅनिक करोजनवर टीप लिहितात, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा तर सायकल स्टँडच्या छपरालाही असतो. ही सगळी नावं एकाच माणसावरून आली, आणि गंमत म्हणजे तो इंजिनिअर नव्हताच. लुइजी गॅल्व्हानी हा डॉक्टर. शरीररचना आणि बाळंतपणाचं शास्त्र शिकवायचा. त्याला एवढंच हवं होतं की स्नायू नेमका हलतो कशामुळे हे कळावं. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मसलला स्नायू आणि नर्व्हला मज्जातंतू म्हणतात हे या लेखासाठी शब्दकोशात बघून घेतलं आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

जन्म ९ सप्टेंबर १७३७, गाव इटलीतलं बोलोन्या, वडील सोनार. पोराच्या मनात धर्मसेवेला वाहून घ्यायचं होतं, पण घरच्यांनी डॉक्टरकीला घातलं. मुलाची लाइन घरच्यांनी ठरवायची ही रीत फक्त आपल्याकडचीच नाही म्हणायची! १७५९ मध्ये तो बोलोन्या विद्यापीठातून पदवीधर झाला. सुरुवातीचं काम हाडांवर, मग पक्ष्यांच्या मूत्रपिंडांवर आणि कानांवर. लग्न झालं ते आपल्याच प्राध्यापकांच्या मुलीशी, लुचियाशी. मूलबाळ नव्हतं. प्रयोग बरेचसे घरीच चालायचे, आणि लुचिया त्यात बरोबरीने असायची. पुतण्या आणि भाचाही मदतीला.

१७८० पासून त्याने बेडूक हाती घेतले. बेडूकच का? एक तर स्वस्त आणि मुबलक. दुसरं म्हणजे मेल्यावरही त्याचे पाय बराच वेळ जिवंत असल्यासारखे वागतात आणि त्यांच्याकडे जाणारा जाड मज्जातंतू सहज सोडवता येतो. त्याच टेबलावर घर्षणाने वीज तयार करणारं एक यंत्र होतं. एकदा मदतनिसाने स्काल्पेलचं टोक त्या मज्जातंतूला लावलं, तेवढ्यात यंत्रातून ठिणगी उडाली आणि बेडकाचा पाय झटकन ताठ झाला. यंत्राची तार बेडकाला जोडलेली नव्हती! दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. गॅल्व्हानीने ते पुढची दहा वर्षं सोडलं नाही. पावसाळी ढगांत वीज चमकते तेव्हा पाय हलतो का, तेही पाहिलं. १७८६ च्या सप्टेंबरात आकाश स्वच्छ असताना लोखंडी कठड्यावर पितळी आकड्यांनी लटकवलेले पाय हलले. वर ढग नाही, शेजारी यंत्र नाही. मग वीज आली कुठून? त्याचं उत्तर असं, की ती प्राण्याच्या शरीरातच असते. १७९१ मध्ये त्याने हे सगळं लॅटिनमध्ये छापलं, आणि युरोपभर डॉक्टर लोक बेडकांच्या मागे लागले.

त्या लिखाणातली एक कल्पना मला सगळ्यात जास्त आवडते. त्या काळी वीज साठवायला लेडन जार वापरायचे. काचेची बरणी, तिला आतून-बाहेरून धातूचा पत्रा, आत एक विद्युतभार आणि बाहेर विरुद्ध. म्हणजे आपला कॅपॅसिटर. गॅल्व्हानीने मांडलं की स्नायूचा प्रत्येक धागा ही एक चिमुकली लेडन जार आहे. आतल्या बाजूला एक भार, बाहेरच्या बाजूला उलटा, आणि मज्जातंतू म्हणजे बरणीत सोडलेली तार. त्याच्याकडे ना पेशी दाखवणारा चांगला मायक्रोस्कोप होता, ना ऑसिलोस्कोप. तरी किती जवळ गेला होता बघा.

कारण पेशीभोवती जे आवरण असतं ते चरबीचं, काही नॅनोमीटर जाडीचं, विजेला अडवणारं. त्याच्या आत खारट पाणी, बाहेरही खारट पाणी. दोन वाहक आणि मध्ये इन्सुलेटर, झाला कॅपॅसिटर! १९२५ मध्ये ह्यूगो फ्रिके याने रक्तातल्या लाल पेशींवर ए.सी. सोडून या आवरणाची कॅपॅसिटन्स मोजली. ती दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक मायक्रोफॅरड भरते. म्हणजे स्नायूतून ए.सी. सोडला की नुसता रेझिस्टन्स मिळत नाही, इम्पीडन्स मिळतो. (हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ मध्ये केला. तो आणि त्याची मॅथ्स हा वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या दुःखाचा विषय.) फ्रिक्वेन्सी कमी असली की करंट पेशींना वळसा घालून जातो, वाढवली की आवरणातून आरपार जायला लागतो. धडधाकट स्नायूत धागे दाटीवाटीने असतात, त्यामुळे व्होल्टेज आणि करंटमधला फेज अँगल चांगला मोठा येतो. धागे सुकले, त्यांच्या जागी चरबी आणि तंतुमय भाग आला, की कॅपॅसिटर कमी होतात आणि फेज अँगल घसरतो.

आमच्या नया नगरला, मीरा रोडला, घरासमोरच्या जिममध्ये अनवाणी उभं राहायचं एक मशीन आहे. माझा मामेभाऊ त्याची चिठ्ठी घेऊन घरभर फिरतो, मसल इतके किलो, फॅट इतके टक्के. ते मशीन याच तत्त्वावर चालतं. पण ते मसल तोलत नाही. पायाच्या तळव्यांतून बारीकसा करंट सोडून शरीराचा इम्पीडन्स घेतं आणि उंची, वजन, वय घालून फॉर्म्युल्याने किलो काढतं. पोटात पाणी किती, नुकताच घाम गेला का, यावरही आकडा हलतो. भावाला हे सांगितलं तर तो ऐकत नाही, ते सोडा.

नानांचं मात्र सोडता आलं नाही. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून ते तीन महिने पलंगावर होते. उठले तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झाली होती. फिजिओथेरपिस्ट दर आठवड्याला शिवणकामाच्या टेपने घेर मोजायच्या. टेप प्रामाणिक असते, पण सूज आणि चरबीसुद्धा ती त्याच घेरात मोजते. घेर वाढला म्हणून घरात आनंद, आणि नानांना जिना तर चढवत नाही, असं दोनदा झालं. सुईने स्नायूचे सिग्नल बघायची चाचणी असते, पण ऐंशीच्या माणसाला दर आठवड्याला सुया कोण टोचणार?

एका स्नायूचा इम्पीडन्स मोजायची पद्धत इथे उपयोगाची वाटते. कातडीवर ओळीने चार इलेक्ट्रोड चिकटवायचे. बाहेरच्या दोघांतून एक मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट, बहुतेक वेळा ५० किलोहर्ट्झचा. आतल्या दोघांवर व्होल्टेज मोजायचं. करंटचे आणि व्होल्टेजचे इलेक्ट्रोड वेगळे, म्हणून कातडीवरच्या कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स फारसा मध्ये येत नाही (आपल्या लॅबमधली चार टोकांची केल्विन पद्धत आठवा). इतक्या वेगाने उलटसुलट होणारा एवढासा करंट मज्जातंतूला जाणवतही नाही. स्नायू झिजत जाणाऱ्या आजारांत, मुलांमधल्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीत वगैरे, ही मोजणी बरीच अभ्यासली गेली आहे. आजार कोणता ते ती सांगत नाही, आणि कातडीखालची चरबी किंवा इलेक्ट्रोडची जागा बदलली तरी आकडा बदलतो. पण तोच माणूस, तीच जागा, दर आठवड्याला, अशी तुलना करायला ती चांगली. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इम्पीडन्सवरून हातापायांतला रक्तप्रवाह मोजणारं यंत्र बनवलेलं आहे, म्हणजे ही विद्या मुंबईला नवीन नाही.

परत गॅल्व्हानीकडे. पाविया विद्यापीठातल्या व्होल्टाने आधी त्याचं कौतुक केलं, मग १७९२ पासून विरोध सुरू केला. त्याचं म्हणणं असं की पितळी आकडा आणि लोखंडी कठडा हे दोन वेगळे धातू, वीज त्यांच्यातून निघते. बेडूक बिचारा नुसता मीटर आहे. कठड्याच्या प्रयोगाबद्दल व्होल्टा बरोबर होता. पण गॅल्व्हानीने १७९४ मध्ये धातू अजिबात न वापरता, मज्जातंतू थेट स्नायूवर टेकवून पाय हलवून दाखवला, आणि १७९७ मध्ये दोन पायांचे मज्जातंतू एकमेकांना लावून. माझ्या मते इथे सामना बरोबरीत सुटला होता. पण १८०० मध्ये व्होल्टाने बॅटरी जाहीर केली आणि गॅल्व्हानीची बाजू मागे पडली. त्याचा काही राग धरता येत नाही, आमची अख्खी ब्रांच त्या बॅटरीवर उभी आहे.

गॅल्व्हानी ते बघायला नव्हता. १७९१ चं पुस्तक येण्याआधीच लुचिया गेली होती. मग नेपोलियनचं सैन्य आलं, नवं प्रजासत्ताक झालं आणि १७९८ मध्ये प्राध्यापकांना त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. गॅल्व्हानी धार्मिक माणूस, ती शपथ त्याच्या श्रद्धेत बसेना. त्याने नाही म्हटलं. नोकरी गेली, पगार गेला. भावाच्या आसऱ्याला राहिला आणि ४ डिसेंबर १७९८ ला वारला. व्होल्टाची बॅटरी त्यानंतर पंधरा महिन्यांनी आली, आणि १८०१ मध्ये व्होल्टाला नेपोलियनकडून सुवर्णपदक मिळालं.

भाचा आल्दिनी मामाचं नाव घेऊन युरोपभर फिरला. १८०३ मध्ये लंडनला त्याने फाशी दिलेल्या कैद्याच्या चेहऱ्याचे स्नायू विजेने हलवून दाखवले. हा मला तमाशाच वाटतो. खरं काम पुढे १८४० च्या दशकात पिसाचा मात्तेउच्ची आणि बर्लिनचा दु ब्वा-रेमाँ यांनी केलं. स्नायूतला करंट त्यांनी चक्क मोजून दाखवला, तोही गॅल्व्हानोमीटरवर. १८७९ मध्ये बोलोन्याच्या चौकात गॅल्व्हानीचा पुतळा बसवला. त्यात तो खाली हातातल्या फळीकडे बघतो आहे, आणि फळीवर बेडूक आहे.