र. धों. कर्वे आणि लैंगिक शिक्षणाचा जुना वाद

वयात येणाऱ्या मुलामुलींना लैंगिकतेबद्दल किती सांगावे? काही पालकांना वाटते, लग्नापर्यंत संयम पाळा एवढे सांगितले की पुरे, जास्त सांगितले तर मुले बिघडतील. इतरांना वाटते, संयमाबरोबरच शरीररचना, गर्भधारणा, गर्भनिरोधन, गुप्तरोग आणि परस्परसंमती हे सगळे वेळेवर कळायला हवे. हा वाद नवा नाही. मराठीत तो शंभर वर्षांपूर्वी पेटला होता आणि त्याच्या मध्यभागी होते गणिताचे एक प्राध्यापक, रघुनाथ धोंडो कर्वे.

आईचा मृत्यू

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरुड गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. आई राधाबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. १८९१ साली त्या बाळंतपणात गेल्या. त्या वेळी रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्या काळी घरोघरी हेच चाले. लहान वयात लग्न, अंग भरण्याआधी दिवस जाणे आणि मग एकामागून एक बाळंतपणे. शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरवले ते १९२९ मध्ये. लग्नापर्यंत थांबा या उपदेशाचा अशा मुलीला काय उपयोग होता, हे वाचकांनीच ठरवावे. तिचा धोका लग्नाच्या रात्रीपासूनच सुरू होत असे.

मुलगा हुशार होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली, मुंबईत विल्सन महाविद्यालयात गणित शिकवले, अधिक अभ्यासासाठी पॅरिसलाही जाऊन आला.

१९२१ सालचे केंद्र

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी निघाले. कर्वे डॉक्टर नव्हते, पण परदेशी वैद्यकीय पुस्तके वाचून त्यातले मराठीत सोपे करून सांगण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. १९२३ मध्ये संततिनियमनावर त्यांचे पुस्तक आले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. तेव्हा पेनिसिलिन नव्हते. गरमी किंवा परमा झाला तर खात्रीचा आणि सोपा इलाज नव्हता. नवऱ्याने बाहेरून आणलेला रोग बायकोला आणि पोटातल्या बाळालाही होई. असा रोग टाळता येतो, हे सांगणे म्हणजे जीव वाचवणेच होते. पण सभ्य घरात त्याचे नाव काढायची सोय नव्हती.

पत्नी मालतीबाई या कामात बरोबरीने उभ्या होत्या. मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. महाविद्यालयाच्या चालकांना मात्र प्राध्यापकाचा हा उद्योग रुचला नाही आणि कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. तिथून पुढे हातात पैसा कधी टिकला नाही.

समाजस्वास्थ्य

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. आमच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम हेच. त्यात लेख असत, पण मासिकाचा जीव होता वाचकांच्या पत्रांत. घरी, शाळेत किंवा वैद्यालाही विचारता येत नाही असे प्रश्न लोक तिथे विचारत आणि कर्वे त्यांना सरळ, कोरड्या भाषेत उत्तर देत. ते लाजवत नसत, घाबरवतही नसत.

त्या काळच्या ब्रह्मचर्याच्या पुस्तकांत मात्र भीतीच भरलेली असे. वीर्याचा थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, ते गेले की स्मरणशक्ती, बल, आयुष्य सगळे गेले, अशी शिकवण होती. हस्तमैथुनाने असे काही होत नाही, हे कर्व्यांनी मराठीत छापून सांगितले. आजचे वैद्यकशास्त्रही तेच सांगते. वयात आल्यापासून वृषणांत शुक्रपेशी सतत तयार होत असतात. त्या बाहेर पडल्या नाहीत तर शरीरातच विरतात किंवा झोपेत वीर्य बाहेर पडते. त्यात ताकद साठत नाही आणि जातही नाही. तरी ही भीती गेलेली नाही. १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. इथे मुळशीत पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणारी विशीतली मुले धातू जाते, अशक्तपणा आलाय, अशी तक्रार घेऊन आजही येतात. तपासणीत बहुतेकदा काहीच निघत नाही. महिनोन्‌महिने पैसे मात्र जाहिरातीतल्या औषधांवर गेलेले असतात.

गांधीजी आणि कोर्ट

संयमाच्या बाजूने सर्वांत वजनदार आवाज महात्मा गांधींचा होता. संतती कमी हवी हे त्यांना मान्य होते, पण त्यासाठी साधने नकोत, आत्मसंयम हवा, असे त्यांचे मत होते. १९३५ च्या अखेरीस मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या, तेव्हाही ते ठाम राहिले. स्त्रीने नवऱ्याला नाही म्हणायला शिकावे, असेही ते सांगत. हा मुद्दा मोलाचाच आहे. कर्व्यांनी गांधीजींवर कडक टीका केली. त्यांचे म्हणणे साधे होते: बहुतेक माणसांना जमत नाही त्यावर लोकांचे आरोग्य सोडून देता येत नाही.

कोर्टाच्या फेऱ्याही सुटल्या नाहीत. १९३१ मध्ये एका लेखासाठी अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात वादाचे कारण वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेच होती. या वेळी कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक खरोखर विचारतात त्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य झाली नाही. दंड दोनशे रुपये. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला.

कर्व्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. त्या काळच्या अनेक सुधारकांप्रमाणे त्यांच्यावरही सुप्रजननशास्त्राचा पगडा होता. कोणी मुले जन्माला घालावीत हे समाजाने ठरवावे, ही कल्पना आज वैद्यकात कोणी मान्य करणार नाही.

पुढे काय दिसले

संयमच शिकवावा की सगळे सांगावे, याची पुढे मोजणी झाली. अमेरिकेत सरकारी पैशाने चाललेल्या केवळ-संयम वर्गांचा मोठा अभ्यास २००७ मध्ये आला. त्या वर्गांतील मुलांनी इतरांपेक्षा उशिरा संबंध सुरू केले असे दिसले नाही. सर्वांगीण शिक्षणाने मुले लवकर संबंध ठेवू लागतात, ही भीतीही खरी ठरलेली नाही. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट मांडले आहे. थांबणे हा सुरक्षित पर्याय आहे, हेही त्या शिक्षणात सांगितले जातेच. गंमत अशी की त्याच २००७ साली महाराष्ट्राने शाळांतला किशोरवयीन लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत सल्ला केंद्रे आहेत. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. तिथे सल्ला मोफत मिळतो आणि गुप्तता राखली जाते.

मालतीबाई १९४४ मध्ये गेल्या. त्यानंतरही कर्वे एकट्याने मासिक चालवत राहिले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो त्यांनी पाहिला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये निघाला.