घरात मराठी, कवितेत हिंदी : गजानन माधव मुक्तिबोध

इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मारकछत्र्या आहेत. माळव्यात आलेल्या मराठी सत्तेची ती दगडी खूण. त्या सत्तेच्या आधाराने कारकून, शिक्षक, अंमलदार म्हणून उत्तरेत स्थिरावलेल्या सामान्य मराठी कुटुंबांची स्मारके मात्र कोठे नाहीत. अशाच एका कुटुंबाने हिंदी साहित्याला गजानन माधव मुक्तिबोध हा युगप्रवर्तक कवी दिला.

मुक्तिबोधांचे पूर्वज जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात आले. गजाननरावांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 रोजी श्योपूर येथे झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलांच्या शाळाही बदलत गेल्या. आई हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद या दोघांनाही सारख्याच ओढीने वाचत असे. दोन भाषांचा हा वारसा पुढे दोन भावांत विभागला गेला. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहू लागले आणि ‘नवी मळवाट’चे कवी म्हणून मान्यता पावले, थोरल्याने हिंदी जवळ केली.

इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून 1938 मध्ये गजाननराव बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला. त्यानंतर पोटासाठी भ्रमंती सुरू झाली. शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर; कधी शिक्षक, कधी पत्रकार, कधी आकाशवाणीत नोकरी. कर्ज आणि ओढाताण पाठ सोडीत नव्हती. 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा कोठे थोडे स्थैर्य आले.

1943 मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मधील सात कवींत ते होते. मार्क्सवादावर त्यांची निष्ठा होती, पण त्यांची कविता घोषणेची नव्हती. सुशिक्षित मध्यमवर्गीय माणूस अन्याय ओळखतो आणि तरीही गप्प का बसतो, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःलाच विचारला. ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत रात्रीच्या शहरातून एक मिरवणूक जाते. तिच्यात लष्करासोबत प्रतिष्ठित नागरिक आणि विद्वानही चालताना दिसतात. ते पाहणाऱ्यालाच जीव मुठीत धरून पळावे लागते. सत्ता आणि बुद्धिजीवी यांच्या संगनमताचे इतके भेदक चित्र आधुनिक भारतीय कवितेत विरळाच.

सत्तेचा अनुभव त्यांना प्रत्यक्षही आला. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पुस्तकावर 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकावरील हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. 1964 च्या आरंभी पक्षाघाताने त्यांना गाठले. भोपाळ आणि नंतर दिल्ली येथे उपचार झाले; दीर्घ बेशुद्धीनंतर 11 सप्टेंबर 1964 रोजी, वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला. तो हाती घेण्याचे भाग्य कवीला लाभले नाही.

आज मुक्तिबोधांना वगळून आधुनिक हिंदी कवितेचा विचार होऊ शकत नाही. मराठी वाचकाच्या लेखी मात्र ते बहुधा शरच्चंद्रांचे थोरले बंधू एवढेच उरतात. घरची बोली एक आणि लेखणीची भाषा दुसरी, ही स्थिती गोमंतकीयांना नवी नाही. दुसऱ्या भाषेत गेलेला लेखक आपल्याला दुरावला असे मानले, तर तोटा आपलाच होतो. मुक्तिबोधांच्या बाबतीत तो आपण साठ वर्षे सोसत आलो आहोत.