निर्णयाचे मोल चुकविणारा सुधारक : रघुनाथ धोंडो कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांचा उल्लेख मात्र दीर्घकाळ दबक्या आवाजातच होत राहिला.

१४ जानेवारी १८८२ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी मातृछत्र हरपले. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. प्रतिष्ठेची वाट समोर सरळ पडली होती. परंतु वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हे कार्य आणि विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी यांपैकी एकच निवडण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. पत्नी मालतीबाई यांच्यासह अपत्य न होऊ देण्याचा निश्चय त्यांनी केलाच होता.

दोन्ही निर्णय मागे न फिरणारे. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. १९३१ साली अश्लीलतेच्या आरोपावरून खटला होऊन दंड झाला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड चुकला नाही. पदरमोड करून मासिक चालूच राहिले. १९४४ साली मालतीबाई गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांनी देह ठेवला, तोवर अंक निघतच होते. त्यांच्या अंतःकरणात कधी खंत दाटली असेल की नाही, हे कोण सांगणार? आचरणात मात्र तिची खूण दिसत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावीशी वाटते. स्वतः अपत्यहीन राहिलेल्या या माणसाने इतरांना अपत्यहीनतेचा उपदेश केला नाही. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, व्हावे की नाही, हे ज्याचे त्याने आणि विशेषतः जिचे तिने ठरवावे, एवढेच त्यांचे मागणे होते. म्हणून त्यांचा भर साधनांवर होता. साधन आज वापरावे, उद्या मन बदलल्यास सोडून द्यावे.

ज्या बंगळूरने आम्हांस आसरा दिला, त्या भूमीने हा विचार लवकर ओळखला. १९३० साली म्हैसूर संस्थानाने सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे उघडण्याचे ठरविले. १९५२ साली भारत सरकारनेही कुटुंबनियोजन स्वीकारले. परंतु आणीबाणीच्या काळात तोच कार्यक्रम उद्दिष्टांच्या आकड्यांत अडकला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि अनेकांवर जुलूम झाला. कार्य तेच, पण त्यातील संमती हरपली होती. स्वेच्छेने घेतलेल्या निर्णयाची खंत मनुष्य एक वेळ पचवितो. लादलेल्या निर्णयाची खंत पिढ्यान्‌पिढ्या सलते. शासनसेवेत आयुष्य काढलेल्या आम्हांस हा धडा विशेष मोलाचा वाटतो.

आज पीण्याच्या कारखान्यांत आपल्या लेकीसुना पाळ्या सांभाळून संसार करतात. हळदीकुंकवाला आलेल्या नवविवाहितेस ‘गोड बातमी केव्हा?’ असे विचारण्याचा मोह आम्हां वडीलधाऱ्यांना आवरत नाही. तो आवरणे, आणि तिचा निर्णय तिच्यावर सोपविणे, हेच रघुनाथरावांना आपल्या मंडळाचे खरे अभिवादन ठरेल.