२८ पौंडांत राहणारा माणूस

आजचं वाचन : लूक १६:९-१३

परवा अप्रेझलचं पत्र हातात आलं. आकडा बघितल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी काय केलं माहितीये? मोबाइलवर ईएमआय कॅल्क्युलेटर उघडला. गाडी मोठी घ्यायची की फ्लॅट, एवढाच विचार. देवाचे आभार मानायचे राहिले, हे रात्री लक्षात आलं. आणि वाचनाला बसलो तर समोर नेमका हाच उतारा. धनाची चाकरी आणि देवाची चाकरी एकत्र होत नाही, असं प्रभू येशू शिष्यांना बजावतो तो. पळायला जागाच नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, आज जॉन वेस्लींबद्दल लिहितोय. मेथॉडिस्ट मंडळीत वाढलेल्यांना हे नाव लहानपणापासून ठाऊक असेल. बाकीच्यांना एवढंच सांगतो, की आजच्या नवव्या वचनावरच त्यांचा पैशाच्या वापराबद्दलचा प्रसिद्ध उपदेश आहे. तो १७६० मध्ये छापला गेला.

वेस्लींचा जन्म १७०३ चा, इंग्लंडमधल्या एपवर्थ गावातला. वडील सॅम्युएल तिथल्या चर्चचे पाळक. घरात पोरं भरपूर, पैसा कमी, कर्ज कायमचं. जॉन दोन वर्षांचा असताना वडिलांना कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात जावं लागलं, आणि ते कर्ज होतं ३० पौंडांहूनही कमी. हा आकडा लक्षात ठेवा. १७०९ मध्ये राहतं घर जळालं, पाच वर्षांच्या जॉनला वरच्या खिडकीतून बाहेर काढलं. आई सुझॅना मुलांना स्वतः शिकवायची, शिस्त कडक. त्या घरातून हा मुलगा ऑक्सफर्डला पोहोचला आणि १७२६ मध्ये लिंकन कॉलेजचा फेलो झाला. म्हणजे आपल्या भाषेत, पहिल्यांदा हातात बऱ्यापैकी पगार.

ऑक्सफर्डमध्ये वेस्ली, त्यांचा भाऊ चार्ल्स आणि काही मित्र एकत्र प्रार्थना करायचे, उपास करायचे, तुरुंगातल्या कैद्यांना भेटायचे. गरीब मुलांची एक शाळाही ते चालवत. हिवाळ्यातल्या एका दिवशी त्या शाळेतली एक मुलगी त्यांच्या खोलीवर आली. अंगावर पातळ लिननचा झगा, थंडीने गारठलेली. दुसरं काही नाही का घालायला, असं विचारल्यावर नाही म्हणाली. वेस्लींनी खिशात हात घातला, तर पैसे जवळजवळ संपलेले. नुकतेच खर्च झाले होते. आणि नजर गेली भिंतीकडे. ती त्यांनी हौसेने सजवलेली होती. त्या पैशात या पोरीला गरम कपडा आला असता, हे त्यांना लख्ख दिसलं. मालकाला हिशेब देताना मी काय सांगणार, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतला तो कायमचा. म्हातारपणी उपदेशात त्यांनी ही गोष्ट सांगितली, म्हणजे पन्नासेक वर्षं ती बोच गेली नव्हती.

त्याच काळातला त्यांचा हिशेब. तो त्यांनी १७८७ च्या एका उपदेशात ऑक्सफर्डमधला एक तरुण म्हणून, स्वतःचं नाव न घेता सांगितला, पण तो तरुण कोण हे वाचणाऱ्याला कळतंच. पहिल्या वर्षी कमाई ३० पौंड. २८ वर भागवलं, २ दिले. दुसऱ्या वर्षी कमाई ६०. खर्च किती? २८. दिले ३२. तिसऱ्या वर्षी ९०, चौथ्या वर्षी १२०. खर्च तरीही २८ च, आणि चौथ्या वर्षी दिले ९२. कमाई चौपट झाली आणि खर्चाची रेघ जागची हलली नाही. आपल्याकडे पगार वाढला की खर्च त्याच्या आधीच जाऊन बसलेला असतो.

पण मला खरी अडवते ती यापुढची गोष्ट. एवढं सगळं करूनही वेस्लींना शांती नव्हती. १७३५ च्या शेवटी ते मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जियाला निघाले. समुद्रात वादळ झालं, लाटांचं पाणी डेकवरून आत आलं. इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि मोरावियन पंथाची साधी जर्मन माणसं, बायकापोरांसह, शांतपणे गीत गात होती. वेस्लींना मात्र मरणाची भीती वाटली. उत्पन्नाचा मोठा भाग गरिबांना देणारा, उपास करणारा, तुरुंगात जाऊन सेवा करणारा हा माणूस, आणि तारणाची खात्री नाही! जॉर्जियातलं कामही फसलं. १७३८ च्या सुरुवातीला ते हताश होऊन परतले.

२४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेला ते फारसं मन नसताना गेले. रोमकरांस पत्राला मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना तिथे कोणीतरी वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास त्यांच्या अंतःकरणाला एक वेगळीच ऊब जाणवली. ख्रिस्ताने माझंही पाप वाहिलं, मलाही सोडवलं, असा भरवसा आला. जे ९२ पौंड देऊन मिळालं नव्हतं ते फुकट मिळालं.

मग देणं थांबलं का? उलट वाढलं. मी दोन-तीनदा हिशेब तपासून पाहिला, पण तो आपल्या नेहमीच्या व्यवहारात बसत नाही. आधी ते देत होते ती एक प्रकारे फी होती. नंतर देत राहिले, कारण फी आधीच भरली गेली होती.

१७३९ पासून ते उघड्यावर उपदेश करू लागले, ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या कोळसा खाणीतल्या कामगारांमध्येसुद्धा. चर्चमध्ये ज्यांना कोणी विचारत नव्हतं अशी माणसं. लंडनमध्ये त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना काढला आणि बिनव्याजी कर्जाचा छोटा फंडही. छोटी रक्कम घ्या, तीन महिन्यांत फेडा. एका वर्षात साधारण अडीचशे लोकांना त्याचा आधार झाला. वडिलांचा तुरुंग मुलगा विसरला नव्हता, असं मला वाटतं.

पैशाबद्दल त्यांनी सांगितलं ते तीन भागांत आहे : जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. पहिल्या भागाला अटी आहेत. स्वतःच्या शरीराचं नुकसान करून नको, शेजाऱ्याचं नुकसान करून नको. तासन्‌तास अवघडून बसून लिहिण्याच्या कामाबद्दलही त्यांनी सावध केलंय, लॅपटॉपवाल्यांनी हसू नये! देण्यातही क्रम आहे : आधी स्वतःच्या आणि घरच्यांच्या गरजा, मग विश्वासातली माणसं, मग सगळे. म्हणजे आईबाबांचं औषध बंद करून दान करा, असं ते सांगत नाहीत.

इथे एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. १७५१ मध्ये वेस्लींनी मेरी व्हॅझील या सधन विधवेशी लग्न केलं. तिच्या पैशाला त्यांनी हात लावला नाही, पण संसार नीट झाला नाही. ते सतत प्रवासात, घरात भांडणं, शेवटी वेगळं राहणं. हिशेबात इतका चोख माणूस घराला वेळ देण्यात कमी पडला. वाचताना मला वाईट वाटलं.

त्यांची स्वस्त पुस्तकं इतकी खपली की नकळत आपण श्रीमंत झालो, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं. १७७६ मध्ये कर खात्याने चांदीच्या भांड्यांची चौकशी केली. त्यांचं उत्तर असं होतं, की लंडनमध्ये दोन चमचे आहेत, ब्रिस्टलमध्ये दोन, आणि आसपास लोक भाकरीवाचून असताना आणखी घेणार नाही.

शेवटची वर्षं मात्र काळजीत गेली. मेथॉडिस्ट लोकांची दारू सुटली, कामाला शिस्त लागली, आणि साहजिकच पैसा साठू लागला. पहिले दोन नियम सगळ्यांनी पाळले, तिसरा गळला. वेस्लींना हे नुसतं कंजूषपणाचं प्रकरण वाटत नव्हतं, त्यांना या लोकांच्या तारणाची भीती वाटत होती. आणि श्रीमंत कोण? अन्न, वस्त्र, निवारा भागून ज्याच्याकडे काही उरतं तो, अशी त्यांची व्याख्या. वाचलं आणि कॅल्क्युलेटर बंद केला.

जानेवारी १७८५. वय ८१. लंडनच्या रस्त्यांवर वितळणाऱ्या बर्फाचा घोट्याएवढा चिखल. गरिबांच्या कपड्यांसाठी वेस्ली पाच दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत दारोदार फिरले, २०० पौंड जमवले आणि आजारी पडले.

२ मार्च १७९१ ला लंडनमधल्या सिटी रोडवरच्या घरात ते प्रभूकडे गेले. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं : शववाहिका नको, घोडागाडी नको. सहा गरीब माणसांनी खांदा द्यावा आणि प्रत्येकाला २० शिलिंग द्यावेत. कपाटात आणि खिशात जी नाणी सापडतील ती चौघांत वाटून टाकावीत.