कारखान्याचा घातक गाळ पुन्हा कामाला लावणारा पत्रकार : वॉल्टर वेल्डन

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत प्लेटिंगची बरीच कामं चालतात. त्यांच्या सांडपाण्याच्या गाळात निकेल, क्रोमियमसारखे धातू असतात, म्हणून तो घातक कचरा ठरतो. पण हेच धातू रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या उत्प्रेरकांतही लागतात. त्यामुळे अशा गाळापासून उत्प्रेरक बनवण्यावर जगभर संशोधन सुरू आहे.

गाळातला धातू पुन्हा वापरण्याचा असाच एक मोठा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी यशस्वी झाला होता. करणारा होता वॉल्टर वेल्डन, पेशाने पत्रकार.

वेल्डनचा जन्म १८३२ चा, इंग्लंडमधल्या लफबरोचा. लंडनला येऊन तो वर्तमानपत्रांत लिहू लागला. १८६० मध्ये त्याने साहित्य, विज्ञान आणि कलांवरचं स्वतःचं नियतकालिक काढलं. ते काही वर्षांतच बंद पडलं आणि गडी रसायनांकडे वळला.

तेव्हा सोड्याच्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ हवेत सुटायची, आसपासची शेतं करपायची. १८६३ च्या कायद्याने ९५ टक्के वाफ अडवणं सक्तीचं केलं. अडवलेल्या आम्लात मँगनीजचं खनिज टाकलं की क्लोरीन मिळायचा आणि तो चुन्यात जिरवला की ब्लीचिंग पावडर तयार. म्हणजे गावच्या पाण्यात टाकतात ती आपली टीसीएल.

अडचण पुढे होती. उरलेलं आम्लधर्मी, मँगनीजयुक्त पाणी नदीत जायचं आणि महागडं खनिजही त्यासोबत वाया जायचं.

वेल्डनने त्या पाण्यात जास्तीचा चुना मिसळला, वाफेने ते गरम केलं आणि त्यातून हवा फुंकली. हवेतल्या ऑक्सिजनमुळे मँगनीजचा काळा गाळ तयार झाला. याला वेल्डन मड म्हणतात. तो आम्लात टाकला की पुन्हा क्लोरीन. काटेकोर अर्थाने हा उत्प्रेरक नव्हता, कारण तो दरवेळी नव्याने घडवावा लागे. पण तोच मँगनीज फिरून फिरून कामाला येई आणि ९० टक्क्यांहून जास्त परत मिळे.

१८६९ मध्ये सेंट हेलेन्सच्या कारखान्यात ही पद्धत रुळली. क्लोरीन स्वस्त झाला, त्याबरोबर कापड आणि कागद पांढरा करणंही. १८८२ मध्ये वेल्डन रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८८५ मध्ये तो वारला.

प्रदूषण मात्र पूर्ण थांबलं नव्हतं. आम्लातला बराच क्लोरीन कॅल्शियम क्लोराईड बनून वाहून जायचाच. तरी जो धातू नदीत फेकला जायचा, तो कारखान्यातच राहू लागला. आज प्लेटिंगच्या गाळावर काम करणाऱ्यांनाही आधी हेच जमवायचं आहे.