नानाभाई मूस : सूर्यवादळांची नोंदवही जपणारा संशोधक

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक तेजस्वी स्फोट दिसला. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. एवढे मोठे चुंबकीय वादळ त्यानंतर नोंदले गेलेले नाही. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला एका पारशी कुटुंबात नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. पुढे त्या वादळाच्या नोंदी त्यांच्याच हाती यायच्या होत्या.

एडिनबरा येथे विज्ञानाचे शिक्षण घेतलेले मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. थोड्याच वर्षांत मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले. त्या विजेमुळे नाजूक चुंबकीय उपकरणे बिघडणार होती. शहराला ट्राम हवी होती आणि मूस यांना अखंड नोंद. त्यांनी उपकरणांसाठी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. तेथे १९०४ मध्ये वेधशाळा उभी राहिली. मात्र कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणून जुने आकडे नव्यांशी जोडता आले. रुग्णाचे जुने कागद हाताशी असले तर आजचा आलेख नीट वाचता येतो, तसेच हे. १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी त्यांनी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या नोंदींचे मोल आज वाढले आहे. सूर्याकडून आलेले भारित कण ध्रुवांजवळ रंगीत प्रकाश उजळवतात. त्याच वादळात आयनावरणही खवळते. उपग्रहाचा संदेश त्यातून उशिरा पोहोचतो, कधी तुटतो, आणि मोबाइलवरचे ठिकाण चुकते. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथे लालसर आभा टिपली गेली, तर अमेरिकेत पेरणी करणारे उपग्रह-मार्गदर्शित ट्रॅक्टर अडखळले.

भंडारा जिल्ह्यातील करडीच्या आकाशात असा प्रकाश दिसत नाही. पण आयनावरण तिच्याही डोक्यावर आहे, आणि आपल्या अक्षांशांवर ते सूर्यास्तानंतर एरवीही अस्वस्थ असते. रोव्हरने धानाच्या बांधीची हद्द मोजताना थोडी चूकही भांडणाला पुरते. रात्री रुग्णवाहिका बोलावताना नकाशावरचा ठिपका पाठवावा, पण शाळा, देऊळ, चौक अशी खूणही सांगावी.

१८५९ सारखे वादळ पुन्हा आले तर काय होईल, याचा अंदाज बांधताना जगभरचे शास्त्रज्ञ कुलाब्याचा तो आकडा पाहतात. तो ज्या मालिकेतला आहे, ती मूस यांनी तुटू दिली नाही. अलिबागची वेधशाळा आजही मोजमाप घेत आहे.